किरकोळ

धरमपेठेतल्या त्या दुकानात
रंग दाखवायच्या आधी कॉफी देतात.
डबे कमी, उशा जास्त,
आणि एक मुलगी छटांची नावं वाचते
मंगलाष्टकं म्हणावीत तशी, शेवटचा स्वर लांबवत.
कुंदानं बोट ठेवलं ते
'विझल्या चुलीची राख' या नावावर.
पाच लिटर, साडेतेरा हजार.
एकतीस वर्षं कोषागारात
दुसऱ्यांच्या बिलांवर लाल पेनानं
'खुलासा करावा' लिहीत आलो मी;
तिथं मात्र कॉफी संपवली,
बशीत सांडलेलीसुद्धा.

मग सेवकराम निखारे आला, मानेवाड्याहून,
सायकलला शिडी बांधून.
कार्डाचा तुकडा त्यानं उन्हात धरला, मग सावलीत,
मग बोट ओलं करून त्याच्यावर फिरवलं.
'काऊन जी साहेब, एवढे पैसे?
इतवारीत मशीनवर जुळवून देते एक पोरगा.
चार लिटर, अठ्ठावीसशे.
सोळा गुण तं जुळतेच.'
'आणि बाकीचे वीस?'
'थे घरच्या मानसानं जुळवून घ्याचे रायते.'

कुंदा चार दिवस काटोलला, बहिणीकडे.
मी एक लिटर घेतला धरमपेठेतून, बत्तीसशेचा,
एका भिंतीपुरता.
उरलेल्या तीन भिंती इतवारीच्या.
निखारे म्हणाला, 'खोटं नाही बोलनार जी मी.
विचारलं नाही तं सांगनारही नाही.'
हे वाक्य मी किती कचेऱ्यांत ऐकलं होतं,
टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं.

तो हात फिरवून भिंत वाचायचा.
रेशनच्या दुकानात त्याचा अंगठा लागत नाही,
पॉलिश पेपरनं रेषा कधीच्या घासून नेल्यात.
पण लांबी कुठं फुगली,
ते त्याला डोळे मिटून कळतं.
त्याच्या मजुरीवर मी दोनदा घासाघीस केली.
शेवटचा आकडा वहीत आहे,
इथं लिहीत नाही.

मे आला. सेहेचाळीस.
कूलरला नव्या ताट्या, घरभर वाळ्याचा वास,
आणि चार वाजता कुंदा पडदा सरकवून
खुर्ची ओढते:
'पाहा ना जी, आता निळा होऊन राहिला.'
मी चष्मा पुसून पाहतो. राखाडी.
'आता नाही, गेला. तुम्ही उशीर करता.'

ती पाहते ती भिंत इतवारीची.
धरमपेठेची भिंत कूलरच्या खिडकीची;
जून लागायच्या आत तिला पोपडे सुटले
संत्र्याच्या सालीएवढे.
फोनवर निखारे म्हणाला,
'ओल काही बिल पाहून येत नाही जी.'

वाचले साडेसात हजार.
वहीत कोणत्या शीर्षाखाली घालू?
'बचत' लिहिलं, खोडलं.
'जमा' लिहिलं, तेही खोडलं.
'किरकोळ' लिहून वही मिटली,
आणि एवढी मोठी रक्कम किरकोळ कशी,
हा आक्षेप माझा मीच काढला.

काल तिनं रिकामा डबा मागितला.
बुडाला खिळ्यानं भोकं पाडून
त्यात गवती चहा लावला.
बाहेर ती परदेशी अक्षरं, वर चार हिरवी पाती.
'पाच लिटरचा एवढासाच असते का हो?'
असं ती डब्याकडे पाहूनच म्हणाली.
मी पेपर उलटा धरला नाही ना
एवढं तपासलं.

चार वाजता
दोन खुर्च्या लावलेल्या होत्या.
बसलो.
'दिसला?' तिनं विचारलं.
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं,
मोटर कोरडी घरघरत होती.
मी उठलो नाही.